देखावा कोणाच्या डोळ्यांनी मोजायचा?

सप्टेंबर २००६ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना काढली. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक क्षेत्रफळाच्या बांधकामांना तिने पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी बंधनकारक केली. अशा बांधकामांसाठी अधिसूचनेला जो '१-अ' नमुना जोडला होता, त्यात जमीन, पाणी, वनस्पती, प्राणी आणि हवा यांच्यापाठोपाठ सौंदर्यदृष्टीचाही एक भाग होता. नियोजित बांधकामामुळे एखादे दृश्य, देखावा किंवा भूदृश्य झाकले जाईल काय, आणि याचा विचार केला आहे काय, अशी विचारणा त्यात होती.

कायद्याच्या कागदात हा प्रश्न आला ही चांगलीच गोष्ट झाली. पाणी किती लागेल आणि धूळ किती उडेल याबरोबर माणसाला दिसेल काय, हेही पर्यावरणात मोडते असे शासनाने त्यातून मान्य केले. पण विज्ञान शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाच्या मनात लगेच एक शंका येईल. दृश्य झाकले जाईल काय, हे ठीक; पण कोठून पाहिल्यावर? प्रयोगवहीत निरीक्षकाची जागा लिहिली नाही तर आपण ते निरीक्षण मान्य करत नाही. नमुन्यात मात्र पाहणाऱ्याची जागा विचारलेली नव्हती. 'झाकले जाणार नाही' असे एका ओळीचे उत्तर दिले, तर ते खोटे ठरवायला काही साधनच उरत नव्हते. शिवाय त्याच अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले होते. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांसमोर इमारत उभी राहायची, त्यांना विचारण्याची वाटही बंद.

ही उणीव कागदापुरती आहे काय, हे तपासायला गिरणगावाइतकी योग्य जागा दुसरी नाही. परळ, लालबाग, करी रोड आणि लोअर परळ या पट्ट्याचे रूप गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जेवढे पालटले, तेवढे मुंबईतल्या फार थोड्या भागांचे पालटले असेल.

पद्धत आली कोठून?

दृश्य परिणाम मोजण्याचे शास्त्र शहरात जन्मले नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा झाला आणि नागरिकांना सुंदर परिसर मिळावा हे त्याच्या उद्दिष्टांत आले. १९७४ पासून तेथील वनखात्याने डोंगर आणि जंगलांसाठी दृश्य-व्यवस्थापनाची पद्धत वापरायला घेतली. जंगलाचा एखादा पट्टा तोडला, रस्ता काढला, विजेचे मनोरे उभारले तर देखावा किती बिघडेल, हे ठरवण्यासाठी ती होती. ब्रिटनमध्ये लँडस्केप इन्स्टिट्यूट आणि तिच्या सहयोगी संस्थेने १९९५ मध्ये अशा मूल्यमापनाची मार्गदर्शिका काढली. तिची तिसरी आवृत्ती २०१३ मध्ये आली. जगभरचे सल्लागार आज बहुधा तिचाच आधार घेतात.

पद्धतीचा सांगाडा सोपा आहे. आधी आजची स्थिती नोंदवायची. मग पाहण्याच्या जागा ठरवायच्या. तेथून पाहणारे लोक कोण आणि ते किती संवेदनशील, हे ठरवायचे. दृश्यात होणारा बदल किती मोठा, हे मोजायचे. शेवटी संवेदनशीलता आणि बदलाचा आकार यांची सांगड घालून परिणाम नगण्य, मध्यम की तीव्र, ते सांगायचे. आपल्या '१-अ' नमुन्यात यातली एकही पायरी नव्हती, फक्त शेवटचा प्रश्न होता. म्हणून ही पूर्ण पद्धत उसनी आणावी असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की ती आणावी, पण गिरणगावावर घासून पाहूनच आणावी. कारण ही कसोटी लावली की तिच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत खोट दिसते.

'आजची स्थिती' म्हणजे कोणत्या दिवशीची?

पहिली पायरी आजच्या स्थितीची. परळची मूळ स्थिती कोणती मानावी? एके काळी परळला मुंबईच्या गव्हर्नरांचा वाडा आणि त्याभोवतीची बाग होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर मलबार हिलला राहायला गेले, आणि १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा त्याच वाड्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था. दरम्यान, १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढायला घेतली. मग गिरण्यांची रांग परळ-लालबागपर्यंत पसरत गेली आणि आकाशरेषेत चिमण्या उभ्या राहिल्या. त्यांच्या धुराचा त्रास एवढा वाढला की मुंबईसाठी १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

म्हणजे आज ज्या चिमणीचा फोटो आपण हळहळत काढतो, तीच एके काळी या परिसराच्या देखाव्यावरचे आक्रमण होती. चिमणी सुंदर आणि टॉवर कुरूप, अशी वाटणी विज्ञानाच्या नावावर करता येणार नाही. मूल्यमापनातली आधारस्थिती हा एक निवडलेला दिवस असतो. तो कोणी निवडला आणि का, हे अहवालात लिहिले पाहिजे, एवढेच विज्ञान सांगते.

गिरणगावात ही निवड फार महागात पडली. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत चालू झाल्याच नाहीत. पन्नासाहून अधिक गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मध्यावर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीची साधारण तीन वाट्यांत विभागणी सुचवली: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने या जमिनींचा तुकड्यातुकड्याने नव्हे तर एकत्र विचार करावा असे सुचवले. २००१ मध्ये नियम बदलला आणि विभागणी फक्त गिरणीच्या आवारातील आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीची इमारत पाडून रिकामी होणारी जमीन तीतून सुटली. या बदलाविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. '१-अ' नमुना आला तो त्यानंतर सहा महिन्यांनी. देखाव्याविषयी विचारणा सुरू झाली तेव्हा देखाव्यासाठी जागा राखण्याचा मोठा निर्णय होऊन गेला होता.

पाहणाऱ्यांची प्रतवारी

दुसरी पायरी पाहणाऱ्याच्या संवेदनशीलतेची. ब्रिटिश मार्गदर्शिकेत घरी राहणारे रहिवासी आणि निसर्ग पाहायला बाहेर पडलेले लोक सर्वांत संवेदनशील मानले जातात. कामाच्या जागी असलेले लोक खालच्या प्रतीत येतात. त्यांचे लक्ष कामात असते आणि परिसराचा कामाच्या सुखाशी संबंध नसेल तर त्यांना फरक पडत नाही, असे त्यामागचे गृहीतक. इंग्लंडमधल्या खेड्याशेजारी पवनचक्क्या उभारताना हे गृहीतक कदाचित चालत असेल.

गिरणगावात काम आणि घर यांत रस्ता ओलांडण्याइतकेच अंतर होते. भोंगा झाला की माणूस चाळीतून निघून खात्यात जायचा आणि पाळी सुटली की परतायचा. दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणाऱ्या माणसांचे बसणे-उठणे गॅलरीत, नाक्यावर आणि गिरणीच्या भिंतीलगतच्या पदपथावर होत असे. त्याला रहिवासी म्हणायचे की कामगार? अहवालाच्या तक्त्यात दोन्ही रकाने वेगळे आहेत आणि हा माणूस दोन्हींत आहे. आज त्याच पट्ट्यातल्या कचेऱ्यांत लाखो माणसे रोज येतात. त्यांनाही हाच तक्ता 'कमी संवेदनशील' ठरवील.

लालबागच्या उड्डाणपुलाचे उदाहरण घ्या. हा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा पूल २०११ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर खुला झाला. पुलावरून जाणाऱ्याला शहराची नवी आकाशरेषा प्रथमच मोकळेपणी दिसू लागली. मार्गालगतच्या इमारतींत पुलाच्या उंचीवर राहणाऱ्याच्या खिडकीसमोर मात्र धावत्या गाड्या आल्या आणि त्याचे घर गाडीतल्यांना दिसू लागले. दृश्य दोन्ही दिशांनी वाहते. आपल्याला काय दिसते याबरोबर आपण कोणाला दिसतो, हाही दृश्य परिणामच आहे. प्रचलित तक्त्यांत त्याला फारसे स्थान नाही.

अंशांत मोजलेले आकाश

तिसरी पायरी बदलाच्या आकाराची. येथे मात्र विज्ञानाचा हात धरता येतो, कारण दिसण्याचा बराच भाग शाळेच्या त्रिकोणमितीत बसतो.

लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर 'वर्ल्ड वन' ही इमारत आहे. तिची उंची सुमारे २८० मीटर आहे. मूळ योजना ४४२ मीटरची होती, पण विमानतळ प्राधिकरणाची परवानगी न मिळाल्याने ती कमी करावी लागली. विमानाच्या वाटेसाठी उंची कापली जाऊ शकते. माणसाच्या नजरेसाठी ती कापण्याची अशी तरतूद नाही, हे येथे लक्षात ठेवू.

२८० मीटरची इमारत ५०० मीटर अंतरावरून पाहिली तर तिचा उन्नतांश सुमारे २९ अंश येतो. हात लांब करून मूठ धरली की ती डोळ्यांसमोर साधारण १० अंश व्यापते. म्हणजे इमारतीचे टोक क्षितिजापासून तीन मुठी वर. तेवढ्याच अंतरावर ४५ मीटरची चिमणी धरली तर तिचा उन्नतांश सुमारे ५ अंश, म्हणजे अर्धी मूठ. 'मोठा बदल' हा शब्द आता शेऱ्याचा राहत नाही, त्याला आकडा मिळतो.

सावलीही अशीच काढता येते. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंश वर असतो आणि २८० मीटरची इमारत उत्तरेकडे सुमारे २५७ मीटर सावली टाकते. मध्यान्हीच्या तीन तास आधी सूर्याचा उन्नतांश सुमारे २९ अंश असतो आणि सावली वायव्येकडे पाचशे मीटरपर्यंत पोचते. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असल्याने सावली दक्षिणेला पडते आणि फक्त २२ मीटर भरते. म्हणून सावलीचा नकाशा कोणत्या तारखेचा आणि किती वाजताचा, हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

आता सर्वांत घरगुती माप: दोन इमारतींच्या मधून दिसणारी आकाशाची पट्टी. गिरगाव किंवा परळच्या वाडीत १२ मीटर उंचीच्या दोन चाळी १२ मीटर अंतराने समोरासमोर आहेत असे धरू. मधोमध उभे राहून वर पाहिले तर दोन्ही छपरांच्या कडांमध्ये सुमारे ५३ अंशांचे आकाश दिसते. अंतर तेच ठेवून दोन्ही बाजूंना ७० मीटरच्या इमारती उभ्या केल्या तर ते १० अंशांच्या आत येते. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात, प्रकल्प परवडावा म्हणून, भोवतीच्या मोकळ्या जागांच्या अटींत सवलती दिल्या जातात. त्या सवलतीची किंमत तळमजल्यावरचा माणूस अंशांनी चुकवतो.

इतके सोपे गणित अहवालांत सक्तीचे का नसावे? त्याऐवजी बहुधा पुढे येते ते रंगीत संकल्पचित्र. ते पक्ष्याच्या उंचीवरून काढलेले असते. त्यात भोवतालच्या जुन्या इमारती पुसट असतात आणि झाडे वीस वर्षे वाढलेली असतात. छायाचित्र असले तरी विशालकोनी भिंगाने घेतलेल्या चित्रात दूरची इमारत डोळ्यांना दिसते त्यापेक्षा लहान भासते. भिंग कोणते, कॅमेरा किती उंचीवर आणि कोणत्या ठिकाणी, हे चित्राखाली लिहिलेले नसेल तर ते चित्र पुरावा म्हणून निरुपयोगी आहे.

एकेक टॉवर, एकेक अहवाल

चौथी खोट बेरजेची. पूर्वेकडे तोंड असलेल्या गॅलरीतून १८० अंशांचे क्षितिज दिसते असे माना. नवा टॉवर त्यातले ६ अंश झाकतो. अहवाल म्हणेल, फक्त सव्वातीन टक्के, परिणाम नगण्य. दुसऱ्या टॉवरचा अहवालही तेच म्हणेल. असे पंधरा 'नगण्य' परिणाम झाले की निम्मे क्षितिज गेलेले असते आणि एकाही अहवालात ते सापडत नाही. त्यावर कडी म्हणजे, प्रत्येक नव्या अहवालाच्या आधारस्थितीत आधीचे टॉवर धरलेले असतात. परिसर मुळातच उंच इमारतींचा आहे, तेव्हा आणखी एकीने काय बिघडणार, असा युक्तिवाद आपोआप तयार होतो. गिरण्यांच्या जमिनी आवाराआवाराने विकल्या आणि बांधल्या गेल्या, म्हणून ही चूक येथे विशेष जाचक ठरली.

इतर शहरांनी यावर एक उपाय शोधला आहे. त्यांनी पाहण्याच्या जागाच आधी ठरवून टाकल्या. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट काही ठरावीक ठिकाणांहून दिसत राहावा म्हणून १९३० च्या दशकापासून भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत. त्यांतले रिचमंड पार्कमधील एक ठिकाण सुमारे सोळा किलोमीटर दूर आहे. कॅनडातील व्हँकूव्हरने १९८९ मध्ये डोंगर दिसत राहावेत म्हणून असेच दृष्टिमार्ग राखले. मुंबईनेही १९९५ मध्ये वारसा नियमावली केली आणि गिरगावातील खोताची वाडी यांसारख्या परिसरांना काही संरक्षण मिळाले. फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. परंतु वारशाच्या यादीत वास्तू येतात. वास्तू जेथून दिसतात ती जागा येत नाही. करी रोडचा फलाट, लालबागचा नाका, शिवाजी पार्कचा कट्टा येथून काय दिसत राहावे, हे कोठेच लिहिलेले नाही.

हिशेबाची एकच बाजू

देखाव्याला किंमत लावता येत नाही म्हणून तो मोजत नाहीत, असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. बांधकाम व्यावसायिक मजल्यागणिक दर वाढवतात. 'फ्लोअर राइज' हा शब्द आता घर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. समुद्र दिसणाऱ्या घराचा दर वेगळा असतो. शासनही मुद्रांक शुल्कासाठी बाजारमूल्य काढताना उंच इमारतींतील वरच्या मजल्यांना वाढीव दर लावते. उजेड, वारा आणि देखावा यांना किंमत आहे, हे बाजार आणि शासन दोघांनाही ठाऊक आहे. मिळालेल्या देखाव्याची किंमत पैशापर्यंत मोजली जाते आणि तोच देखावा खालच्या माणसाच्या हातून जातो तेव्हा तो 'मोजता न येणारा' होतो. आमचा मुख्य आक्षेप या एकतर्फी हिशेबाला आहे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ना. म. जोशी मार्ग, नायगाव आणि वरळी येथील बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत आयुष्य काढलेल्या कुटुंबाला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते, आत स्वतःचा संडास असतो. त्याला आकाशाचे अंश गेले म्हणून रडायला सांगणे हा बाहेरून आलेल्याचा शौक होईल. प्रश्न घर की आकाश असा नाही. नियम ५८ च्या मूळ वाटणीत घरे आणि मोकळी जागा दोन्ही होती, हे विसरू नये.

उंची हाही स्वतः दोष नाही. दादरला इंदू मिलच्या जागेवर, चैत्यभूमीजवळ, डॉ. आंबेडकरांचे स्मारक योजले आहे. शंभर फुटांच्या चौथऱ्यावर साडेतीनशे फुटांचा पुतळा, म्हणजे एकूण सुमारे १३७ मीटर. तो दुरून दिसावा हीच लोकांची इच्छा आहे. तेवढ्याच उंचीची दुसरी वस्तू तेवढेच अंश झाकील, पण तिचा अर्थ तोच असणार नाही. अंश विज्ञान सांगते. अर्थ पाहणाऱ्यांना विचारूनच कळतो. म्हणून मोजणी आणि जनसुनावणी दोन्ही लागतात, एकीने दुसरीची जागा भरत नाही.

शाळेत काय करता येईल

आमची मागणी थोडकी आहे. प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या अहवालात सार्वजनिक जागांवरची पाहण्याची ठिकाणे नावानिशी असावीत, त्यांत एक तरी जवळच्या चाळीची वा वस्तीची असावी. तेथून उन्नतांश, झाकले जाणारे क्षितिज आणि २२ डिसेंबरची सावली आकड्यांत द्यावी. आधारस्थिती कोणत्या वर्षाची ते सांगावे आणि आधी मंजूर झालेल्या इमारतींची बेरीज मांडावी. हे सारे लोकांसमोर ठेवावे.

तोवर शाळांना स्वतः सुरुवात करता येईल. कोनमापकाच्या केंद्राला दोरा बांधून टोकाला नट अडकवला की उन्नतांशमापक तयार होतो. शाळेच्या पटांगणात एक बिंदू रंगाने कायम करावा. नववी-दहावीच्या मुलांनी तेथून आठ दिशांना सर्वांत उंच अडथळ्याचा उन्नतांश मोजावा, वहीत तारीख घालावी आणि त्याच बिंदूवरून त्याच भिंगाने आठ छायाचित्रे घ्यावीत. सूर्याकडे यंत्र रोखू नये; सावलीसाठी उभ्या काठीची सावली मोजून प्रमाण काढावे. जोडीला, याच जागेवरून पूर्वी काय दिसत असे, हे परिसरातल्या वृद्धांना विचारून लिहून ठेवावे. दरवर्षी त्याच आठवड्यात हेच करावे.

गिरगाव, दादर, परळच्या दहा शाळांनी दहा वर्षे अशी वही चालवली तर या भागाच्या आकाशाची अशी नोंद तयार होईल, जिच्यात निरीक्षकाची जागा, तारीख आणि माप लिहिलेले असेल. पुढच्या वेळी कोणी 'दृश्य झाकले जाणार नाही' असे लिहिले, तर ते तपासून पाहायला निदान एक वही हाताशी असेल.